सौर कॅमेरासाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. सौर कॅमेरासाहेब,
मुक्काम लोखंडी खांब, विहिरीशेजारी, नारायणगाव-मंचर पट्टा,
यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

आपण रुजू झाल्यापासून आम्ही निर्धास्त झोपतो, असं आपल्या खोक्यावर छापलंय. ना वायर, ना वायफाय, ना बिल. डोक्यावर पॅनेल, पोटात बॅटरी आणि फोर-जी सिम. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, महिन्याच्या आत बिबट्याने तिघांचा जीव घेतला. लोक मंचरला पुणे-नाशिक महामार्गावर बसले. मग घरात आपला विषय निघाला.

आपला कामाचा उरक दांडगा. दुपारी तापलेलं पाचट वाऱ्याने हललं, की आपण ‘हालचाल! हालचाल!’ म्हणून फोन दणाणून सोडता. भिंगापुढे कोळ्याने जाळं विणलं, की आपल्याच इन्फ्रारेड उजेडात ते असं झळकतं की पलीकडून हत्ती गेला तरी दिसू नये. आपला सेन्सर पाहणार आठ-दहा मीटर, आणि वाघ (आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो) जातो त्यापलीकडच्या सरीतून. सोळा-अठरा महिने उभा राहणारा आडसाली ऊस म्हणजे त्याचं घरच. माद्या तिथेच वितात. तोडणीत पिल्लं सापडली, की वनखात्याची आणि माणिकडोह निवारा केंद्राची माणसं ती तिथेच ठेवतात, कॅमेरा लावतात आणि आई येऊन उचलून नेईपर्यंत दूर थांबतात. ते कॅमेरे आपलेच भाऊबंद, पण कामाला लागलेले.

आमच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी आहेत, एकूण ३० अँटेनांच्या जाळ्यातल्या. त्या जाळ्याने ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश टिपला. आपण बांधावरून धाडलेला फोटो घरात पोचेस्तोवर वाघाने कुत्रं नेलेलं असतं.

तरी आपण काहीच पकडलं नाही, असं म्हणणं अन्याय होईल. एक सावज आपल्याला चेहऱ्यासकट, स्वच्छ सापडतं. ‘व्यक्ती आढळली’, रात्रीचे दोन. डोक्याला बॅटरी, हातात फावडं, गळ्यात मफलर. (पिंपरखेडकडे लोकांनी बिबट्याच्या भीतीने गळ्यात घातले तसे खिळ्यांचे पट्टे अजून घरात आणलेले नाहीत.) तो मी. उसाला पाणी द्यायला, दारं धरायला निघालेला. मोटारीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे.

आपल्याला दिवसाचं ऊन, मोटारीला रात्रीची लाईट, ही वाटणी कोणी केली ते आपण विचारू नका. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती निघाली, काही फिडरांवर दिवसाची लाईट आलीही. आमच्या फिडरची पाळी यायची आहे. आपल्याला मात्र उन्हावर चालू व्हायला एक सकाळ पुरली. आपण कोणत्या खात्याकडून मंजुरी आणलीत, ते खाजगीत सांगा.

तोवर एक किरकोळ बदल केलाय. रात्री बारानंतर मी उसात दिसलो, तर ती क्लिप मला पाठवू नका. मी तिथेच असतो. दिवसा लाईट देऊ म्हणणाऱ्यांचा नंबर ॲपमध्ये भरून ठेवलाय, त्यांना पाठवा. भोंग्याचा आवाज पूर्ण ठेवा.

आपला,
अल्बममधला एकमेव मोठा प्राणी