ऑर्डरवाले दादा

बदलापूर पश्चिमेला स्टेशन मागे टाकून हेंद्रेपाड्याकडे चालू लागलं की कुठल्या ना कुठल्या इमारतीत एक ऑर्डरवाले दादा भेटतातच. घर ओळखायला कठीण नाही. दाराबाहेर चपलांपेक्षा पार्सलं जास्त असतात, बेल वाजवली की आतून "पिकअप आला का?" असा आवाज येतो आणि पाहुण्याला बसवायचं तर आधी सोफ्यावरचा एक्सएल कुर्त्यांचा गठ्ठा उचलावा लागतो. दादांना खरं नाव असतं, पण ते फक्त जीएसटीच्या दाखल्यावर.

ही जमात फार जुनी नाही. 2020 च्या मार्चमध्ये लोकल थांबली आणि रोज मुंबई गाठणारी माणसं घरी बसली. लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी 15 ऑगस्ट 2021 पासून लोकल खुली झाली. तोवर दादांनी उल्हासनगरच्या गजानन मार्केटातून पहिला गठ्ठा आणला होता, विकला होता आणि ऑफिसात साहेबांना "तब्येत जरा बरी नाही" असं कळवूनही टाकलं होतं. ती तब्येत अजून सुधारलेली नाही.

दादा चिक्कू आहेत असं कोणी समजू नये. माल घेताना त्यांचा हात सढळ असतो. मार्केटातला व्यापारी "शेवटचा लॉट आहे" म्हणाला की दादांच्या अंगात येतं. गरज चाळीस नगांची असेल तर दीडशे उचलतात आणि लगेजच्या डब्यात त्या गठ्ठ्यावर बसून अंबरनाथ ओलांडेपर्यंत फोनवर वहिनींना नफा समजावून सांगतात. लेबलं छापायचा थर्मल प्रिंटर त्यांनी घेतला, रील्ससाठी गोल दिवा घेतला, कुर्ती घालून उभा करायला प्लास्टिकचा पुतळाही घेतला. (तो रात्री खिडकीत उभा असतो. नवा वॉचमन पहिल्या आठवड्यात हमखास दचकतो.) पण ऑर्डरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की दादांचा चेहरा सोसायटीच्या सभेत मेंटेनन्स वाढवायचा ठराव आल्यासारखा होतो. "जे गोणीत भरता येत नाही," ते म्हणतात, "त्याला पैसे कसले द्यायचे?"

शिवाय त्यांच्याकडे सॉफ्टवेअर आहेच. त्याचे भाग दोन: दोनशे पानी लांब वही आणि वहिनी.

दादा तीन वेबसाइटांवर विकतात, चौथं दुकान इन्स्टाग्रामवर. वीस डिझाइनं, प्रत्येकाचे सहा रंग, प्रत्येक रंगाची पाच मापं, म्हणजे सहाशे वेगवेगळ्या वस्तू झाल्या. त्या चार ठिकाणी. एका ठिकाणी शेवटचा नग विकला गेला की उरलेल्या तीन ठिकाणी तो ताबडतोब शून्य करायचा असतो. हे काम करणारी सॉफ्टवेअरं बाजारात भरपूर आहेत. युनिकॉमर्स आहे, झोहोचं आहे, लहान दुकानदारांसाठी आणखीही कितीतरी. हेंद्रेपाड्यात हे काम वहिनी करतात, कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधे. मालाला कंपन्या लांबलचक कोड देतात. वहिनींच्या वहीत "वन्संना आवडलेला निळा", "धुतल्यावर गेलेला मरून" आणि "ह्यांच्या हट्टाचा पिवळा" अशा नोंदी असतात. पिवळा अजून संपलेला नाही. या कोडात चूक होत नाही, कारण तो फक्त वहिनींना वाचता येतो. आणि म्हणूनच वहिनी चार दिवस माहेरी गेल्या की धंदा बंद असतो.

रोज दहा ऑर्डरी होत्या तोवर हे सगळं झकास चाललं. चाळीस झाल्या आणि गेल्या दिवाळीत एका रात्री एकच शेवटची राणी कलरची कुर्ती तीन गावांतल्या तीन बायकांना विकली गेली. एकीला ती मिळाली. दुसरीला "सेम टू सेम" म्हणून जांभळी गेली, ती परत आली. तिसरीची ऑर्डर दादांनीच रद्द केली. विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली की वेबसाइटच्या वहीत त्याचे गुण कमी होतात आणि मग त्याचा माल यादीत खाली सरकतो. आठवडाभर दादांचं दुकान इतकं खाली गेलं की त्यांना स्वतःलाच सापडेना. त्या आठवड्यात त्यांनी प्रथमच सॉफ्टवेअरवाल्याचा फोन कट केला नाही.

तो संवाद मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकला. पलीकडचा मुलगा उत्साही होता. "दादा, तुमचा सगळा डेटा वर सेव्ह राहणार, काही टेन्शन नाही."

"वर म्हणजे किती फुटांवर?" दादांनी विचारलं.

मुलगा गप्प झाला. त्याचा दोष नाही, तो हेंद्रेपाड्याचा नव्हता. इथे 2005 चं पाणी पाहिलेली माणसं आहेत, आणि 2019 च्या जुलैत तर बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. उल्हास नदी फुगली की तळमजल्यावरचं कपाट आणि त्यातलं सगळं तिचं. त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना इथला माणूस किमतीच्या आधी उंची विचारतो. दादांचा स्टॉक माळ्यावर आहे. वही मात्र, हाताशी हवी म्हणून, फ्रिजच्या शेजारी खालीच असते. हा विरोधाभास मी त्यांच्या लक्षात आणून दिला, तेव्हा त्यांनी वही फ्रिजवर ठेवली आणि डिजिटायझेशनचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

मग भाव ठरवणं. गजानन मार्केटात घडलेला माणूस दर महिन्याचं भाडं निमूट कबूल करणार नाही. "यात रिपोर्ट नावाचं जे आहे ते काढा आणि अर्ध्यात द्या." "दोन जणांचं लॉगिन नको, आम्ही नवरा-बायको एकच आहोत." "पहिले तीन महिने उधार." पण याच घासाघिशीत दादांनी असे काही प्रश्न विचारले की मी सरसावून बसलो. ऑर्डरमागे पैसे घेता, मग रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरीचेही घेणार का? दिवाळीत ऑर्डरी तिप्पट होतात, तर स्लॅब दिवाळीचा धरायचा की आषाढाचा? वर्षाचे पैसे आधी भरले आणि मध्येच सोडलं, तर माझी यादी मला परत मिळेल का, आणि कशात? व्यवसाय शिकवणाऱ्या मोठ्या कॉलेजात हे प्रश्न शिकवत असतील, तर फी भरणाऱ्यांनी एकदा हेंद्रेपाड्यात येऊन जावं. मुलाने "सरांना विचारून सांगतो" म्हणून फोन ठेवला.

पुढचे दोन महिने दादा फुकट ट्रायलवर जगले. चौदा दिवस स्वतःच्या ईमेलवर, पुढचे चौदा वडिलांच्या, मग भाचीच्या, मग पुतळ्याच्या नावाने काढलेल्या. एक पैसा गेला नाही असं ते सगळ्यांना सांगत. प्रत्येक ट्रायलला सहाशे वस्तू नव्याने भरायच्या होत्या आणि त्या वहिनी भरत होत्या, हे सांगायचं राहून जाई.

शेवटी हिशेब बी.कॉम.ला असलेल्या भाचीने मांडला. समजा, महिन्याला बाराशे ऑर्डरी आणि ऑर्डरमागे तीन रुपये. छत्तीसशे. वर 18 टक्के जीएसटी, 648 रुपये. एकूण 4,248. "सरकारला 648 कशाला?" दादा उसळले. तो कर तुम्ही भरायच्या करातून वळता होतो, असं भाचीने सांगितलं, आणि लगे हात हेही विचारलं, की वेबसाइट दर ऑर्डरीतून जीएसटीपोटी अर्धा टक्का कापून सरकारजमा करते, तो तुम्ही पोर्टलवर मागून घेता का? दादांनी छताकडे पाहिलं. चुकीच्या पत्त्यावर, चुकीच्या मापाचं गेलेलं पार्सल जायला-यायला दीडशे रुपये खातं असं धरलं आणि आठवड्याला अशी दहाच झाली, तरी महिन्याला सहा हजार. "ते खातं वेगळं," दादा म्हणाले. "ते नशिबाचं."

मग भाचीने खाली एक ओळ लिहिली: मामी, बारा हजार.

"हे काय?"

"पॅकिंग, वही, चार ठिकाणचा स्टॉक, गिऱ्हाइकांचे फोन. बाहेरची मुलगी ठेवली तर एवढ्यात येणारही नाही."

"अगं, पण ती घरचीच आहे."

माझ्या मते ऑर्डरवाल्या दादांचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. सॉफ्टवेअरचा दर त्यांना महाग वाटतो तो दरामुळे नाहीच. त्याच्याशी तुलना करायला समोर जे आहे त्याच्यापुढे त्यांनी कायम शून्य मांडलं आहे. धंदा वाढला की कुरिअरचा खर्च वाढतो, टेपची रिळं वाढतात, प्रिंटरचे रोल वाढतात. वहिनींची झोप कमी होते, पण ती कुठल्याच खात्यात पडत नाही. शून्यापेक्षा स्वस्त सॉफ्टवेअर अजून कुठल्या कंपनीने काढलेलं नाही.

वहिनी दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांनी बारा हजारांवर काहीच मत दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्या दुसऱ्या ट्रायलमध्ये मी दहाला झोपायचे. तेच घ्या."

दादांनी ते घेतलं. सगळ्यात लहान प्लॅन, महिन्याच्या बोलीवर, एकच लॉगिन. लॉगिन वहिनींकडे आहे, त्यामुळे आज किती विक्री झाली हे दादांना आता वहिनींना विचारावं लागतं. यंदाच्या बजेटात त्यांनी सॉफ्टवेअरचा खर्च लिहिला आहे, "घरखर्च" या सदराखाली. मामीची ओळ खोडलेली नाही, पण तिच्यापुढे "विचाराधीन" असं लिहिलं आहे. वहीही चालूच आहे, फ्रिजवर. बॅकअप म्हणून.

बदलापूरहून आलेली कुर्ती कधी तुमच्या हाती पडली आणि मापात बसली नाही, तर खुशाल परत करा. फक्त कारणाच्या रकान्यात खरं कारण निवडा. ते दादा वाचत नाहीत, वहिनी वाचतात आणि त्यावरून पुढचा गठ्ठा ठरतो.