मुद्दे वाढवा

गिरगावच्या खटाववाडीतून ‘सत्यकथा’ मासिक निघायचं तेव्हा त्याचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन कथा परत पाठवत ती सविस्तर पत्रासकट: अमुक पात्र फिकं, शेवट घाईचा, पुन्हा लिहा. लेखक वैतागत, पण पुन्हा लिहीत. हल्ली दादर-परळकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचा कच्चा खर्डा आधी तपासून मिळतो म्हणे. एखादी मुलगी आठ पानं देते. समासात लाल शाईत उमटतं, ‘मुद्दे वाढवा’. कोणते, ते गुलदस्त्यात. ती टाइप मोठा करते, पानं अकरा होतात, शेरा येतो, ‘उत्तम सुधारणा!’ १९६९मध्ये चिडलेल्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली होती. एवढं चिडायलासुद्धा आपलं लिखाण आधी कुणीतरी नीट वाचलेलं असावं लागतं.