रेंज आकाशातून, बटण कुणाकडे?

5 नोव्हेंबर 2025 ला महाराष्ट्र सरकारनं मुंबईत उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. असं करणारं देशातलं पहिलं राज्य आपणच. सुरुवातीच्या जिल्ह्यांत गडचिरोली, धाराशिव, वाशिम आणि आपलं नंदुरबार. नंदुरबारला हे हवंच होतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर रेशन दुकानदार पॉस मशिन घेऊन रेंजसाठी टेकाड चढतो, आणि त्याच्यामागून म्हातारी माणसं अंगठा लावायला चढतात. बाळंतपण अडलं तर 108 ला फोन लावायलाही आधी उंचावर जावं लागतं. अशा ठिकाणी वरून इंटरनेट येत असेल तर लवकर यावं.

पण त्याचं बटण कुणाच्या हातात, हे आत्ताच विचारायला हवं.

सप्टेंबर 2022. क्रिमियातल्या सेवास्तोपोलपर्यंत स्टारलिंक सुरू करा, अशी तातडीची विनंती युक्रेनकडून आली. स्टारलिंकचे मालक इलॉन मस्क यांनी ती नाकारली आणि वर्षभरानं स्वतःच तसं जाहीर केलं. लढणारे युक्रेनचे, मरणारे युक्रेनचे, निर्णय मात्र एका कंपनीच्या मालकाचा. मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारनं मॅक्सार या खासगी कंपनीची उपग्रह-छायाचित्रं युक्रेनला मिळणं काही काळ थांबवलं. त्याच वर्षी 24 जुलैला तर कुणाचा वाईट हेतूही नव्हता. स्टारलिंकचं आतलं सॉफ्टवेअर बिघडलं आणि अडीच तास जगभर सेवा ठप्प झाली, युक्रेनच्या आघाडीवरसुद्धा.

केंद्र सरकार गाफील नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये अंदमानच्या समुद्रात पकडलेल्या अमली पदार्थांच्या बोटीवर स्टारलिंकचं यंत्र सापडलं होतं. मे 2025 च्या नियमांत माहिती देशातच ठेवणं, सीमेपासून 50 किलोमीटरच्या पट्ट्यात खास पाळत आणि गरज पडल्यास ठरावीक भागातली सेवा बंद करणं, हे सगळं कंपन्यांवर बंधनकारक आहे. चांगलं आहे. पण हे सारे अधिकार लक्ष ठेवण्याचे किंवा सेवा बंद करण्याचे. उपग्रह कंपनीचे, त्यामुळं सेवा चालू ठेवणं तिच्या मर्जीवर.

चीन युद्धानंतर, 1964 मध्ये, आपल्या खानदेशातल्या वरणगावला काडतुसांचा कारखाना उभा राहिला. ऐन लढाईत गोळीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, हे त्या पिढीला पुरतं कळलं होतं. शेजारी भुसावळच्या आयुध निर्माणीत आज पिनाका रॉकेटचे पॉड बनतात. खानदेश हा धडा साठ वर्षं रोज गिरवतो आहे. मग संपर्काच्या बाबतीत तो विसरायचं कारण काय?

कंपनी खासगी आहे म्हणून माझी तक्रार नाही. इस्रोच्या रॉकेटची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या खासगी कारखान्यात बनतात. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रानं संरक्षणासाठी 52 टेहळणी उपग्रहांची योजना मंजूर केली. त्यांतले 31 भारतीय खासगी कंपन्या बनवणार आहेत. कंपनी आपल्या कायद्याच्या कक्षेत असली की तिला जाब विचारता येतो, न्यायालयात खेचता येतं. ज्या कंपनीचे उपग्रह परक्या देशाच्या परवान्यावर फिरतात, तिच्याशी करार करताना म्हणूनच जास्त काटेकोर राहायला हवं.

इरादापत्र म्हणजे करार नव्हे, त्यामुळं अजून वेळ गेलेली नाही. सेवा खंडित झाली तर किती तासांत पूर्ववत होणार, दंड किती, एकतर्फी बंद करता येणार नाही अशी अट आहे का, हे खानदेशातल्या आमदारांनी विधिमंडळात विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. आणि डिश आली म्हणून सातपुड्यातलं टॉवरचं आणि भारतनेटच्या केबलचं काम गुंडाळायचं नाही, हेही त्याच कागदावर यावं. आरोग्य केंद्राला दोन वाटा हव्यात, एक आकाशातून आणि एक जमिनीवरून. जमिनीवरची वाट आपल्या ताब्यातली आहे. तिच्यासाठी निधी किती ठेवला, ते सरकारनं येत्या अधिवेशनात सांगावं.