कंसातले नाव आणि घरचे गिट

संगणकाच्या आज्ञावलीत कोणी, केव्हा व कोणता बदल केला याची क्रमवार नोंद ठेवून हवी ती जुनी प्रत परत काढून देणाऱ्या व्यवस्थेला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. ती आयती घ्यावी की घरी घडवावी, हा प्रश्न संगणकतज्ज्ञांना कितीही नवा वाटला तरी जालना जिल्ह्यातील तलाठ्याला तो पडण्याचे कारण नाही. गाव नमुना ६, म्हणजेच फेरफार नोंदवही, त्याला आयतीच मिळते. खरेदी, वाटणी वा वारसाची वर्दी आली की तो नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस जाऊ देतो, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्याला अंमल बसतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर तर जुने नाव खोडण्याऐवजी त्याला कंस केला जाई व नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात मांडला जाई, त्यामुळे कोणत्या चुलत्याचा हिस्सा कधी उडाला हे पणतवालाही कोर्टात दाखवता येते.

‘आमची गरज वेगळी’ हे स्वयंनिर्मितीवाद्यांचे तत्त्व येथे लावल्यास अंबडला कंसाऐवजी चौकोन करावा लागेल, भोकरदनला हिरवी शाई वापरावी लागेल, आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा होईपर्यंत परभणीत असलेल्या परतूरला स्वतंत्र परंपरेचा हक्कच सांगता येईल. पुढे तलाठ्याची बदली झाली की चौकोनाचा अर्थही त्याच्याबरोबर जाईल आणि बांधावरचे भांडण मात्र जागेवरच राहील.

यावर लिनक्स या संगणक-कार्यप्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दाखला हमखास येतो. लिनक्सच्या विकसकांना फुकट मिळणारी बिटकीपर ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली वापरण्याची सवलत २००५ साली काढून घेण्यात आली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये अवघ्या काही दिवसांत गिट ही स्वतःची प्रणाली उभी केली, हे खरेच आहे. परंतु त्याआधी सुमारे तीन वर्षे त्यांनी परक्याचीच प्रणाली वापरून तिचे गुणदोष पारखले होते, हा भाग सांगताना सोयीस्करपणे गळतो. शिवाय त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी गिटची देखभाल जुनियो हामानो यांच्याकडे सोपवली, आणि हामानो ती पुढे वर्षानुवर्षे करत राहिले. घरच्या गिटच्या प्रस्तावात नाव, बोधचिन्ह आणि उद्घाटनाची तारीख असते. हामानोंचा रकाना बहुधा कोराच असतो.