डागांची पारख

घरच्या बाथरूममध्ये कृष्णधवल रोल धुणाऱ्या माणसाचा पहिला संशय रसायनांवर. डेव्हलपर जुना असणार, दुकानदारानं शिळा माल गळ्यात मारला असणार! पाण्याकडे कुणी बोट दाखवत नाही. रोज पितो ना आपण ते. पण ज्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं आणि गीझरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात, तिथं फिल्म तरी कशी सुटेल? चिमट्याला टांगलेल्या फिल्मवरचा थेंब उडून जातो, त्यातला चुना तेवढा मागं राहतो.

अशी फिल्म उजेडात तिरकी धरून बघावी. डाग चकचकीत बाजूला असेल तर नशीब थोर: तोंडाची वाफ सोडून मऊ कापडानं पुसला की गेला. जिलेटिनच्या मंद बाजूला असेल, तर घासायचं नाव काढू नये. फिल्म पुन्हा भिजवावी आणि शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्यात द्यावी, लिटरमागे 5 मिली फोटो-फ्लो (पाणी थेंब न धरता ओघळू देणारं द्रावण) घालून. डिस्टिल्ड पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं. तो 'कुठली बॅटरी?' असं विचारतो. फिल्मचं नाव काढलंत तर तासभर अडकाल.

दुधाळ पट्टे दिसले, तर फिक्सिंग कच्चं राहिलंय. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा टाकली की फिल्म निवळते. हायपोत, म्हणजे फिक्सरमधल्या रसायनात, चांदीचे क्षार विरघळतात हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं 1819 मध्येच दाखवलं होतं, फोटोग्राफीचं अजून बारसंही व्हायचं होतं तेव्हा. औषध आधी, आजार मागाहून!

पारदर्शक गोल ठिपके मात्र बेरकी. टँक ओट्यावर ठोकला नाही, की हवेचे बुडबुडे फिल्मला चिकटतात आणि तिथं डेव्हलपर पोचतच नाही. निगेटिव्हवर हे ठिपके धुतल्या तांदळासारखे. प्रिंटमध्ये तेच आत्याबाईंच्या गालावर काळे तीळ होऊन बसतात. यावर उपाय नाही. प्रिंट बघून आत्याबाई काय म्हणतील, त्यावरही नाही.

आणि जगात हौसेनं डाग पाडणारेही आहेत. पायरोगॅलॉलचा डेव्हलपर चांदीच्या जोडीनं पिवळट-हिरवट डागही सोडतो. जिथं चांदी दाट, तिथं डागही गडद. प्रिंट करताना उजळ भागातले बारकावे तो सांभाळून घेतो. खुद्द नामवंत फोटोग्राफर एडवर्ड वेस्टन हा 'पायरो' वापरत असे. तेव्हा घरात कुणी पिवळी झाक दाखवून 'हे काय झालं?' विचारलं, तर चेहरा गंभीर ठेवून एवढंच म्हणावं, 'पायरो.' पुढचा प्रश्न सहसा येत नाही.