उत्तर नेहमी 'ड'

ऑप्शनभाऊ तुमच्याही गावात असणारच, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. आमच्या दुसरबीडच्या भाऊंचं दाढी-कटिंगचं दुकान आहे, एवढाच काय तो फरक. पण तो जिवावरचा आहे. तुमचा भाऊ पारावर गाठत असेल, तिथून उठून जाता येतं. आमचा भाऊ गळ्यावर वस्तरा ठेवून विचारतो.

"सांगा बरं, फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती कोण झालं होतं? ऑप्शन देऊ का?"

नको म्हणून मान हलवावी तर वस्तरा. गिऱ्हाईक गप्प बसतं आणि भाऊ तो होकार धरतात. "अ, दुर्गा खोटे. ब, ललिता पवार. क, देविका राणी. ड, बाई नव्हतीच, बाप्या होता!"

गिऱ्हाईक ओठ न हलवता म्हणतं, 'ड'.

"बरोब्बर! अण्णा साळुंके. हॉटेलात कामाला होते. १९१३ साल. पुढं 'लंकादहन'मध्ये रामही तेच अन् सीताही तेच." तोवर दुसऱ्या गालावरचा फेस वाळून गेलेला असतो. भाऊ पुन्हा पाणी मारतात, पुन्हा ब्रश फिरवतात आणि नवा प्रश्न काढतात. शेवटी तुरटी फिरवताना तुरटीचं रासायनिक नाव विचारतात. गाल चुरचुरत असताना पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट आठवून पाहा एकदा.

भाऊंचं बरोबर उत्तर कायम 'ड'. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शेजारचं लोणार सरोवर कशानं झालं? ज्वालामुखी, भूकंप, धरण, उल्का. ड. त्याचं वय किती? पूर्वी पुस्तकांत ५२ हजार वर्षं असायचं. नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. भाऊंनी जुना आकडा टाकून दिला नाही, त्याची बदली 'अ'मध्ये केली.

जागा-वेळेचं त्यांना भान नाही. एका म्हाताऱ्याची राख सावडायला गेलो होतो. भाऊंनी वाकून हळूच विचारलं, "माणसाच्या अंगात हाडं किती?" थोरला मुलगा हुंदका गिळत म्हणाला, "ड, भाऊ, ड."

"अरे, अजून ऑप्शन दिलेच नाहीत!" मग चितेच्या कडेला उभ्या-उभ्या आम्हा सगळ्यांना कळलं की मोठ्या माणसाची २०६, पण तान्ह्या बाळाची तीनशेच्या घरात, वाढता वाढता ती जुळत जातात.

घरी मात्र डाळ शिजत नाही. आज जेवायला काय, असं भाऊंनी विचारलं की वहिनी सांगतात, "अ, पिठलं. ब, पिठलं. क, पिठलं. ड, उपास." या घरात भाऊ मुकाट्यानं 'अ' म्हणतात.

केबीसीसाठी ते दरवर्षी नाव नोंदवतात. तिकडून फोन येत नाही. २००० मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले, तेव्हापासून भाऊंची आशा आहे. २०१९ मध्ये तर आपल्या वऱ्हाडातल्या बबिता ताडे, शाळेत पोरांची खिचडी शिजवून महिन्याला दीड हजार मिळवणारी बाई, एक कोटी जिंकल्या. भाऊंनी स्टँडवर पेढे वाटले, आणि दर पेढ्यामागे एक प्रश्न. "त्यांचं अंजनगाव सुर्जी आणखी कशासाठी माहीत आहे? अ, केळी. ब, पानमळे. क, संत्री. ड, १८०३ चा शिंदे-इंग्रज तह." पेढा तोंडात, त्यामुळे सगळ्यांनी नुसती चार बोटं दाखवली.

पूर्वी नागपूर-औरंगाबादच्या गाड्या इथून जायच्या, चहाला थांबायच्या आणि भाऊंना रोज कोरी पाटी मिळायची. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग सुरू झाला तसा परगावचा स्पर्धक आटला. उरलो आम्ही, 'ड' पाठ असलेले.

परवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं वैतागून विचारलं, "भाऊ, काऊन नेहमी 'ड'च ठेवता? परीक्षेत असं असते का?"

भाऊंनी वस्तरा खाली ठेवला. "पहिलंच बरोबर ठेवलं तर बाकीचे तीन तू ऐकशील का? आता बघ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणाचं? अ, मिल्खासिंग. ब, पी. टी. उषा. क, लिअँडर पेस. ड, खाशाबा जाधव. खाशाबा १९५२ चे, हेलसिंकीचे, कुस्तीचं कांस्य. ते तू पाठ करशील. पण मिल्खासिंग रोमला चौथा आला. उषा लॉस एंजेलिसला एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं चौथी. अन् खाशाबांनंतर पेसचं पदक यायला ४४ वर्षं लागली. हे तुला कोण सांगणार? चुकीचं उत्तर म्हणजे कोणी फालतू माणूस नसतो बाबा."

दुकानात कोणी हसलं नाही. दरवर्षी फोनची वाट पाहणारा माणूस हे बोलत होता.

मग खुर्चीतल्या शेतकऱ्यानं डोळे न उघडता विचारलं, "भाऊ, २०२४ ला सोयाबीनला हमीभाव ४,८९२ जाहीर झाला. बाजारात त्याच्याखालीच विकलं. काऊन? ऑप्शन द्या."

भाऊ विचारात पडले. "अ, व्यापारी. ब, सरकार. क, आयातीचं तेल..." आणि अडकले. "याला 'ड' नाही."

एवढं प्रामाणिक उत्तर मी कोणत्याही प्रचारसभेत ऐकलेलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाजवळ 'ड' तयार असतो. आधीचे तीन ऐकून घ्यायचा धीर मात्र कोणाजवळ नसतो. म्हणून भाऊ कितीही डोकं खात असले तरी दाढी मी त्यांच्याकडेच करतो. तुम्हीही कधी समृद्धी सोडून जुन्या रस्त्यानं आलात तर दोन दिवसांची दाढी वाढवून या. 'ड' तुम्हाला आता माहीत आहेच. उरलेल्या तिघांसाठी मात्र बसावं लागेल.