टॅपेटची फिर्याद

महाबळेश्वरास जाण्याचे आमचे प्रयोजन हवापालटाचे होते. परंतु कात्रजचा घाट मागे पडतो न पडतो तोच माझ्या १९६८ सालच्या बुलेटने आपलीही एक फिर्याद दाखल केली. इंजिनाच्या उजव्या कुशीतून निघणारी ती टिकटिक पहिल्या मैलास भिंतीवरच्या घड्याळासारखी, तिसऱ्या मैलास कचेरीतल्या टंकलेखनयंत्रासारखी आणि पाचव्या मैलास चिडलेल्या पोस्टमास्तरांच्या शिक्क्यासारखी वाटू लागली, तेव्हा मागे लाडवांचा डबा सांभाळून बसलेल्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, हे आपलंच वाजतंय ना?" गाडीच्या अंतरंगाशी माझा परिचय किक मारण्यापुरताच होता, तथापि गृहस्थाश्रमात असले कबुलीजबाब द्यावयाचे नसतात. "टॅपेट आहे," मी गंभीरपणे म्हणालो.

शिरवळास चहाच्या दुकानापुढे रीतसर पंचनामा झाला. दुकानदाराने पिस्टनवर संशय घेतला, उसाच्या गाडीवाल्याने चेनवर, आणि एका सद्गृहस्थाने, इंजिनाकडे न पाहताच, माझ्या वजनावर. केवळ एका निवृत्त एस. टी. चालकाने स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवून व मूठ कानाशी लावून, निष्णात वैद्य नाडी पाहतो त्या तन्मयतेने, बराच वेळ ऐकले आणि सांगितले, "इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक ठोका पडतोय, म्हणजे दुखणं व्हॉल्व्हचंच. पण गार होऊ द्या साहेब, गरम इंजिनाला पाना लावू नका."

कचेरीतल्या कागदासारखा कॅमचा धक्का टॅपेट, पुशरॉड व रॉकर अशा टेबलांवरून सरकत सरकत व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. दोन टेबलांमधली फट वाढली की कागद सरकण्याऐवजी आपटू लागतो, एवढेच त्या आवाजाचे रहस्य. ते समजताच मला धीर धरवेना. चालक महाशय एस. टी.त बसून निघून गेल्यावर मी झाकण उघडले, बोटे पोळून घेतली आणि टिकटिक पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही टॅपेट आवळले. मग खंबाटकीचा घाट आम्ही अशा निःशब्द ऐटीत चढलो की, सौभाग्यवतींच्या नजरेत विवाहानंतर प्रथमच किंचित आदर दिसला.

तो वाईपर्यंत टिकला. कृष्णेच्या घाटावर बसून, ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन दोनेक तासांनी परतलो, तो किक लोण्यात पाय रुतावा तशी खाली गेली. प्रतिकार नाही, हुंकार नाही. शेवटी गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्याने झाकण काढून एकच प्रश्न केला, "साहेब, हे कुणी आवळलं?"

"शिरवळास एक इसम होता," मी म्हणालो. सौभाग्यवतींनी त्या इसमाकडे रोखून पाहिले.

तापलेल्या इंजिनाचा सांगाडा फुगून फट वाढते. ती तशीच बुजवली तर गार झाल्यावर व्हॉल्व्ह अर्धवट उघडे राहतात आणि कॉम्प्रेशन नाहीसे होते, हे त्याने मला, शाळेत नापास झालेल्या मुलाच्या बापास समजवावे तशा ममतेने समजावले. "वाजणारा व्हॉल्व्ह टिकतो, मुका झाला की जळतो," असेही तो म्हणाला. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली ज्या नगरीतून सिद्ध झाला, तेथे टॅपेटला मराठी शब्द काय, असे मी विषयांतरार्थ विचारले. "टॅपेट," मिस्त्री म्हणाला. त्याने पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणला आणि पुशरॉड दोन बोटांत धरून पाहिला: सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फिलर गेज नाही, काही नाही.

पसरणीचा घाट चढून आम्ही महाबळेश्वरास पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. टॅपेटही वाजत होते.